धरलेली जागा

रोज उजाडायच्या आत रघुवीर हॉटेलच्या स्विमिंग पूलपाशी जाऊन दोन सनबेडवर टॉवेल टाकून यायचे. एकावर स्वतः टेकायचे, दुसऱ्यावर कुणालाही बसू द्यायचे नाहीत. पण बसल्या जागी चैन नाही. सारखे उठून दाराकडे बघून यायचे. त्यांचा मुलगा देव अगदी कानकोंडा होऊन जायचा. लंडनमधल्या हॅरोहून विमानतळावर येतानाही कोचमध्ये त्यांनी हेच केलं होतं. एसटीत टाकतात तसा शेजारच्या सीटवर रुमाल!

"बाबा, इथे स्पेनमध्ये तरी नको ना. सगळे लोकं बघतात. इट्स एम्बॅरसिंग!"

"बघू देत."

किनाऱ्यावर त्यांचा जीव रमेना, म्हणून देव त्यांना गाडीनं आत डोंगरातल्या एका खेड्यात घेऊन गेला. गाडी लावून तो येतो तर चर्चसमोरच्या सावलीत दोघांपुरता एक बाक, त्यावर बाबा आणि शेजारी रुमाल. आणि समोर काठी टेकून उभी असलेली एक म्हातारी.

"बाबा, प्लीज! उचला तो रुमाल, त्यांना बसू द्या."

रघुवीर चटकन उठले. म्हातारीला त्यांनी स्वतःची जागा दिली आणि आपण उन्हात उभे राहिले. रुमाल होता तिथेच राहिला.

"तुझ्या आईला फार वेळ उभं राहवत नाही रे," ते म्हणाले. "गुडघे दुखतात तिचे."

मार्चमध्ये आईच्या अस्थी देवनंच थेम्समध्ये सोडल्या होत्या. खाली वाकून त्यानं वाऱ्यानं उडणारं रुमालाचं टोक नीट केलं.