धुळीच्या खुणा

"किती पडले गं आज?" गुरुदत्त मास्तरांनी विचारलं.

"एकोणपन्नास," मंदाकिनीबाई बेधडक म्हणाल्या आणि सुई पदराला टोचून ठेवली.

गेल्या वर्षी रशियाचा उपग्रह आकाशात गेला, तेव्हापासून डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांत रोज हा प्रयोग चाले. मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे. आता दृष्टी गेली होती, पण हौस गेली नव्हती. उद्या माणूस त्या वेगाने जाईल, तेव्हा अवकाशातला धुळीचा कणसुद्धा यानाला बंदुकीच्या गोळीसारखा लागेल, असं ते म्हणत. मग कुठला पत्रा टिकेल ते आधीच शोधायला नको? बाई हाताने चाक फिरवत आणि त्याला बांधलेल्या पत्र्यावर मास्तर चिमटीने धूळ सोडत. खड्डे बाईंनी मोजायचे. रात्री मास्तर पत्रे पुसून पेटीत ठेवत आणि शनिवारी शेजारचे महिपतराव ते मुंबईच्या प्रयोगशाळेत पोचवत.

खड्डे कसले पडतात, कपाळ! हाताने फिरवलेल्या चाकाला असा कितीसा वेग? पहिल्या दिवशी पत्रा कोरा निघाला आणि मास्तरांचा चेहरा एवढासा झाला. बाईंना ते बघवेना. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सुई हातात घेतली.

एकुलती एक नीला तापाने गेली, त्यानंतर मास्तरांना जगायला हा प्रयोगच तेवढा उरला होता. बाईंनी तर तेव्हापासून उंबऱ्यापुढे रांगोळीची चिमूटही सोडली नव्हती. पण चाक फिरवताना दोघांत चार शब्द होत, कधी हसूही येई.

"अहो, बोटं किती कापलीत!"

"पत्र्याची धार गं. चालायचंच."

दिवाळीच्या पहाटे महिपतराव दारात उभे राहिले. हातात एक जड पेटी होती.

"वहिनी, हे सगळे पत्रे परत आलेत. तुमच्याच हातात द्यायला सांगितलंय."

बाईंनी पेटी उंबऱ्यातच ठेवून घेतली. प्रयोगशाळेतल्या शहाण्या माणसांनी लबाडी ओळखली! आता मास्तरांना काय सांगायचं? कसं सांगायचं?

"कोण आलंय गं?" आतून मास्तरांनी विचारलं.

"कोणी नाही," म्हणत त्यांनी झाकण उघडलं.

वरच्याच पत्र्यावर त्यांनी सुईने पाडलेले खड्डे होते. जुन्या सवयीच्या हाताने सारख्या अंतरावर पडलेले, सात ओळी, ओळीत सात. बोटांनी चाचपत ओढलेल्या खिळ्याच्या वेड्यावाकड्या रेघांनी ते ठिपके जोडून त्यांचं कमळ झालं होतं. पुढच्या पत्र्यावर समई, त्याखाली गोपद्म. आणि पेटीच्या तळाशी रांगोळीची पुडी होती.