ताज्या रंगाखालचा जोड

सात वर्षांच्या लेकीला, केशरला, पहिली पायाने ढकलायची स्टंट स्कूटर घ्यायला हणमंत तिच्यासह दुकानात आला होता. दुकानदाराने काढून दिलेली स्कूटर त्याने उलटी करून पाहिली. अठरा वर्षं वेल्डिंग केलेल्या त्याच्या बोटांना हँडलखाली, ताज्या रंगाआड, जोड लागला.

“ही मोडून परत आलीय.”

“आता पक्की केलीय हो,” दुकानदार हळूच म्हणाला.

“आधीच्या पोराचं काय झालं?”

“काही नाही. दोन दात पडले. दुधाचेच होते!” तो खिदळला.

हणमंताने स्कूटरच्या फळीवर पाय रोवून हँडलला हिसका दिला. जोड तटकन सुटला. केशर दचकून त्याला बिलगली.

तुटक्या हँडलकडे बघत, जराही न ओशाळता दुकानदाराने विचारलं, “मग, दुसरी दाखवू?”

लेकीला कडेवर घेऊन हणमंत पायऱ्या उतरला आणि गटारात थुंकला.