हनुवटीचा कौल

दुकानाचं दार ढकलताना तिने नवऱ्याला हातवारे करून पुन्हा बजावलं, "नुसतं बघायचंय. घ्यायचं नाही." त्याने मान डोलावली. आठवडाभर तो अशीच मान डोलावत होता आणि आज सकाळी मात्र तिच्याआधी बूट घालून दारात उभा होता.

त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. ती टॅक्सीच्या ऑफिसात दिवसभर फोन घेते, तो चष्म्याच्या काचा घासतो आणि घरी दोघं हातांनी मनसोक्त भांडतात. गिटार शिकायचं खूळ तिच्या डोक्यात फार दिवसांचं. पण त्याच्यासमोर बसून असं काही वाजवायचं की ज्यातलं त्याला ओ की ठो कळणार नाही, हे तिला आतून खात होतं.

भिंतीवर ओळीने टांगलेल्या गिटारी दिसल्या आणि ती सगळं विसरली. "ती निळी! ती काढा ना!"

"पहिलीच ना, ताई? मग हीच न्या," दुकानदार म्हणाला. "सगळे हीच नेतात."

तिने निळी मांडीवर घेतली. पण वाजवता कुठे येत होतं? चार लोकांत तार छेडायचीही लाज वाटली. मग दुकानदारानेच ती वाजवून दाखवली. तिला आवडली. दुसरी वाजवली, तीही आवडली. तिसरी तर फारच आवडली.

"मला मेलीला काय कळतंय यातलं," ती हिरमुसून म्हणाली.

नवऱ्याने तिची बाही ओढली आणि खूण केली, "मला दे."

"याला ऐकू येत नाही," तिने दुकानदाराला हळू आवाजात सांगितलं. कोणापासून लपवत होती कोण जाणे.

दुकानदार गोंधळला. "मग ते काय करणार?"

"आमचं वॉशिंग मशीन थांबलं की यालाच आधी कळतं. तळपायांना."

तो स्टुलावर बसला. निळी छातीशी धरली, तिच्या कडेवर हनुवटी टेकवली आणि डोळे मिटले. दुकानदाराने वाकून तारांवरून बोटं फिरवली. नवऱ्याने साखर विसरलेला चहा प्यायल्यासारखं तोंड केलं. दुसरीला नुसते खांदे उडवले. तिसरीला तेवढंही नाही. मग त्याने स्वतःच कोपऱ्यातल्या एका साध्या, मधाच्या रंगाच्या गिटारीकडे बोट दाखवलं. तिच्यावर ना नक्षी, ना चकाकी.

तार वाजली. त्याने डोळे उघडले. "परत," त्याने खूण केली. पुन्हा वाजली. "परत!" तिसऱ्यांदा वाजली तेव्हा त्याने गळ्यापासून पोटापर्यंत तळवा फिरवला आणि तिच्याकडे बघितलं. "इथून इथपर्यंत आली."

तिला एकदम भरून आलं. काही म्हणायला हात उचलले, तर त्याने त्या हातांतच गिटार ठेवली आणि तिला स्टुलावर बसवलं. स्वतः शेजारी गुडघ्यांवर बसला आणि गिटारीच्या कडेवर हनुवटी टेकवून वाट बघू लागला.

दुकानदाराने तिचं बोट एका तारेवर ठेवून दिलं. "जोरात दाबा. आता दुसऱ्या हाताने छेडा."

तिने श्वास रोखला आणि तार छेडली. बोट निसटलं. खर्रर्र असा आवाज झाला, डबा फरशीवर ओढावा तसा.

नवऱ्याने चटका बसल्यासारखी हनुवटी मागे घेतली. कपाळाला आठ्या घातल्या आणि तिच्या नाकासमोर बोट हलवलं.

ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"होतं हो असं सुरुवातीला," दुकानदार घाईघाईने म्हणाला. "मनाला लावून घेऊ नका, ताई."

"अहो, चुकलं म्हणाला!" ती एवढ्याने ओरडली की दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघू लागली. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही तिला सुचलं नाही. "माझं चुकलं म्हणाला हा! हीच बांधा!"

पण दुकानदाराला गिटार मिळाली नाही. नवऱ्याने हनुवटी पुन्हा लाकडावर टेकवली होती आणि तो बोटाने खूण करत होता, "परत."