सोमवारची भाकरी

हरेशचं गर्दचं व्यसन सुटलं तर तो सोळा सोमवार उपास करील, असा नवस आईने परस्पर बोलून टाकलेला. तो व्यसनमुक्ती केंद्रातून पनवेलला आला, तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, प्रणालीला, बजावलं, “पोट रिकामं ठेवू नका. भुकेबरोबर तलफही येते.” पहिल्याच सोमवारी नातेवाईक जमले. बाळाला कडेवर घेऊन प्रणाली उपाशी हरेशकडे बघत होती. सासूबाईंना सांगायची हिंमत होत नव्हती. तेवढ्यात हरेशच बोलला, “आई, उपाशी राहिलो की गर्द आठवतो. भाकरी वाढ.” मामा फिसकन हसले, “अरे, दिवसभराची भूक सोसत नाय?” “नाय सोसत, मामा.” सासूबाई उठल्या. नाचणीची भाकरी, मटकीची उसळ त्याच्यापुढे ठेवत म्हणाल्या, “नवस मी बोलली, उपास मीच करीन. तू जेव.” हरेशने दुसरी भाकरी मागितली. ती प्रणालीने पाहुण्यांमधून मिरवत आणली.