भुंग्याची पक्की सोय

भुंग्यापायी सरपंच धनराजच्या पदरात पडणार होतं ते असं: वनखात्याच्या मोठ्या साहेबांसोबत फोटो, वेशीवर स्वतःच्या नावाचा फलक आणि जमलंच तर पुढच्या खेपेची सरपंची. भुंगा त्याने अजून पाहिला नव्हता. पाहायची गरजही नव्हती.

पाहिला होता तो खुशबूने. चंद्रपूरच्या कॉलेजात ती किड्यांवर संशोधन करायची. कोरपन्याच्या रस्त्याला लागून मीराबाईचं म्हातारं मोहाचं झाड होतं, आतून पोकळ. त्याच्या ढोलीतल्या कुजक्या भुशात हे दुर्मिळ भुंगे जन्मायचे आणि तिथंच वाढायचे. रस्ता रुंद होणार म्हणून झाडावर तोडणीची लाल फुली कधीचीच पडली होती. सासूच्या काळापासून त्याच मोहाची फुलं वेचणाऱ्या मीराबाईने जेवण टाकलं होतं. शेवटी खुशबूने साहेबांना गाठलं. साहेब म्हणाले, भुंगा असेल तर झाड राहील, रस्ता वळवू. येऊन बघतो.

साहेब येणार म्हटल्यावर धनराज कामाला लागला. या भागात कशाचंही भलं करायचं ठरलं की आधी सिमेंट येतं. देवळाला आलं, बुद्धविहाराला आलं, हापशीलाही आलं. मोहानेच काय घोडं मारलं होतं? भोवती ओटा झाला. खोडाला गेरू-चुना लागला.

साहेबांच्या गाडीतून खुशबू उतरली आणि झाडाकडे बघतच राहिली.

"धनराजभाऊ, ढोली कुठी गेली?"

"बुजवली ना! एवढं मोठं भोकाड. साप शिरन, पोट्टे काड्या घालतीन. आता तुमच्या भुंग्याले कोनाचा बाप हात लावत नाई. आतमंदी एकदम सेफ!"

खुशबूने खोडावर हात ठेवला. सिमेंट खणखणीत वाळलं होतं.

मीराबाई तिच्या कानाशी आली. "पोरी, तू नाई म्हनशीन त माह्य झाड आजच जाते."

साहेबांनी फीत कापायची कात्री हातात घेतली. "काय मॅडम, आहे ना भुंगा?"

खुशबूने खोडावरचा हात काढून घेतला.

"आहे सर. आत आहे."

फीत कापली गेली. रस्ता वळला. धनराजला फलक मिळाला, साहेबांना फोटो, मीराबाईला तिची फुलं, खुशबूलाही सत्काराची शाल. या सगळ्याचा खर्च उचलला तो आत राहिलेल्या भुंग्यांनी, आणि गावाच्या यादीत त्यांचं एकही मत नव्हतं.