गालिच्याखालचं नाणं

गॅरड शेताकडेच्या ओक वृक्षाखाली तिसऱ्यांदा गुडघ्यांवर बसला, तेव्हा हेस्टर थर्टलने स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा दोन बोटं सरकवला.

काय हे ध्यान! साठी उलटलेला माणूस, अंगात सैनिकासारखं चट्ट्यापट्ट्यांचं जाकीट, कानांवर दोन वाट्या आणि हातात ते जमिनीतला धातू हुडकणारं, कुंई कुंई करणारं यंत्र. आयुष्यभर गावची बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर लोकांच्या जमिनी उकरायला निघाला. घुशी निदान पोटासाठी उकरतात.

त्याच ओकखाली हेस्टरच्या लहानपणी मेंढ्यांची जत्रा भरायची. मेंढपाळ सावलीत लवंडून बिअर प्यायचे, त्यांच्या खिशातलं काहीबाही गवतात सांडायचं. वडिलांच्या खांद्यावर बसून तिने तिथे आल्याची बिस्किटं खाल्ली होती, त्यांचा वास अजून तिच्या नाकात होता. आणि आता तिथे हा!

गॅरडला खरं हवं होतं ते ओकपलीकडचं शेत. तिथे जुन्या प्रार्थनाघराचे दगड होते, आजवर कुणी यंत्र फिरवलं नव्हतं, आणि वसंतात तिथे घरं बांधायला सुरुवात होणार होती. सहा वर्षं तो दर नाताळला भेटकार्ड पाठवून परवानगी मागत होता. या खेपेला हेस्टर म्हणाली होती, "आधी ओकखाली फिरा. मग बघू."

गॅरडने दोन मुळांच्या बेचक्यात हात घातला आणि तो थांबला. मान वळवून त्याने घराकडे पाहिलं, चांगला बराच वेळ. उठून गाडीकडे गेला, परत आला, घराकडे पाठ करून अंगाच्या आडोशाने काहीतरी करत राहिला. शेवटी गवताचा तुकडा जागच्या जागी बसवून त्याने त्यावर हलकेच पाय दाबला.

"पकडलं," हेस्टर मांजराला म्हणाली.

चार वाजता तो दाराबाहेर बूट काढून आत आला. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्याने दिवसाची कमाई मांडली. बाटल्यांची बुचं, काडतुसाची टोपी, घोड्याच्या पट्ट्याचं बक्कल आणि राणीचा चेहरा झिजलेली एक पेनी.

"निम्मं तुमचं, मॅडम. बक्कल आवडलं तर सगळंच ठेवा."

"केवढं हे औदार्य! आणि?"

"आणि नाही काही."

"बेचक्यात तर बराच वेळ होतात."

गॅरडचे कान लाल झाले. तो चहाच्या कपात बघू लागला. "तिथे जुनं असं काही नव्हतं."

"जुनं नव्हतं."

"नाही, मॅडम." त्याने घसा खाकरला. "तुम्ही इथे एकट्याच असता ना? मागच्या दाराला कडी नीट बसते का?"

"तुम्हाला काय करायचंय माझ्या कडीशी?"

"नाही, आपलं सहज."

हेस्टरने त्याचा अर्धा प्यालेला कप उचलला आणि मोरीत रिकामा केला. "शेत तुम्हाला मिळणार नाही, मिस्टर गॅरड."

तो उभा राहिला. "माझं काही चुकलं का?"

"ते तुमचं तुम्हाला ठाऊक."

त्या गावात कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही. गॅरडने बुचं वर्तमानपत्रात गुंडाळली, बक्कल टेबलावरच ठेवलं, आणि बुटाचे बंद न बांधताच तो फाटकाबाहेर गेला.

हेस्टरने लगेच गॅरडच्या धातुशोधक मंडळाचा सचिव बेसिल कॉप याला फोन लावला.

"नवी मोलकरीण आली की माझी आई गालिच्याखाली चांदीचं नाणं सरकवायची, बेसिल. झाडणाऱ्या बाईने ते आणून दिलं तर नोकरी पक्की. मीही गुरुवारी तेच केलं. वडिलांच्या सोन्याच्या तीन गिन्न्या पत्र्याच्या डबीत घालून ओकखाली पुरल्या, वीतभर खोल. तुमच्या गॅरडने त्या काढल्या, या माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि माझ्या टेबलावर मांडली काय, तर बुचं!"

"गॅरडने? अहो, तो बूचसुद्धा वहीत लिहून ठेवतो!"

"बूच वहीत, गिन्न्या खिशात."

बेसिलचा आवाज एकदम मऊ झाला. "अर्ध्या तासात सभा आहे. सगळ्यांच्या कानावर घालतो. आता कुठलाच शेतकरी त्याला फाटकाच्या आत घेणार नाही. पुराव्याला ती रिकामी डबी मिळाली तर बरं. आणि मिसेस थर्टल, ते शेत मग... माझं यंत्र नवंच आहे."

"उद्या या. पण लाळ पुसून या."

फोन ठेवल्यावर हेस्टरला दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं. माणसं ओळखण्यात थर्टलांच्या घरात आजवर कुणी चुकलं नव्हतं. तासाभराने रबरी बूट चढवून, खुरपं घेऊन ती ओकखाली गेली. बेचक्यातलं गवत इतकं बेमालूम बसवलं होतं की जागा ठाऊक नसती तर सापडली नसती. चोराचा हात सफाईदार असायचाच.

वीतभर उकरलं. काही नाही.

"डबीसुद्धा सोडली नाही भिकारड्याने!" ती मोठ्याने म्हणाली आणि रागारागाने खुरपं त्याच खड्ड्यात खुपसलं. माती भुसभुशीत होती. खुरपं मुठीपर्यंत आत गेलं आणि खाली कशावर तरी खणकन् आपटलं.

हातभर खोलवरून तिने डबी वर काढली. डबी प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घट्ट बांधलेली होती. आत तिन्ही गिन्न्या होत्या. त्यांच्यावर वहीचा एक कागद होता, आणि त्यावर बसच्या पाटीसारखी मोठी, सरळ अक्षरं.

"मॅडम, तुम्ही लपवलेली डबी फार वर होती. माझ्यामागून येणाऱ्या कुणाच्याही यंत्राने हेरली असती. हातभर खाली ठेवली आहे. तुमचं आहे ते तुमच्याजवळ राहू दे, मी कुणाजवळही बोलणार नाही. गॅरड."