काकाचा तुरा

तुरा खाली.

"परत नाय म्हणतोय," कोंडू म्हणाला आणि टोपी काढून डोकं खाजवू लागला. पिंजऱ्यातल्या काकाने पाय बदलला, एक डोळा मिटला आणि तो खाली शिटला. जमलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. कौलाला मोठ्याने हसत नाहीत.

काका म्हणजे काकाकुवा. पांढराशुभ्र, डोक्यावर पिवळा तुरा. मुंबईच्या कुठल्या तरी बंगल्यातून सुटून टोकावड्याजवळच्या पाखरांच्या आश्रमात आला, तेव्हा त्याच्या अंगावर पीस नव्हतं. सगळी त्याने स्वतःच उपटली होती. सोललेल्या कोंबडीसारखा दिसायचा. पिंजरे झाडणारी हौसा अख्खा पावसाळा त्याच्याशेजारी बसली. त्याला शेंगा भरवल्या, शिव्या दिल्या, मेलेल्या नवऱ्याच्या तक्रारी सांगितल्या. पिसं आली. मग एकदा ती तापाने घरी राहिली, तर काकाने छातीवरची पिसं पुन्हा उपटली. तेव्हापासून हौसा आजारी पडली नाही.

कौल लडकूमुळे सुरू झाला. त्याचा बैल हरवला होता. "डोंगराकडं गेला का रे?" त्याने पिंजऱ्यापुढे सहज विचारलं. तुरा वर. बैल डोंगराकडेच सापडला. देवळात फूल उजवीकडे पडलं की होकार, इथे तुरा उभा राहिला की होकार. आश्रम चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई सांगून थकल्या, "अरे, त्याला आनंद झाला, नवं काही दिसलं की तो तुरा काढतो. यात देवबिव नाही." कोणी ऐकलं नाही. सोमवारी रांग लागायची.

त्या रांगेत काकाशेजारी हौसा उभी असायची. पदराआड शेंग दाबली, टरफल वाजलं, की तुरा वर. हे एकट्या तिला ठाऊक.

लडकूने दारू सोडावी का?

तुरा वर.

सावळीने आठ दिवस माहेरी जावं का?

तुरा वर. (सावळी पंधरा दिवस राहिली.)

सावळीच्या सासूने तिला मध्येच परत बोलवावं का?

तुरा खाली.

कोंडूचा प्रश्न आला की मात्र हौसा हाताची घडी घालायची. कोंडू उंबरमाळीचा. शहापूरच्या बाजारातून आश्रमाला केळी आणि दाणे टेम्पोने आणायचा. बायको वारली होती, पोरं नव्हती. "हौसा माझ्याशी पाट लावून उंबरमाळीला येल का?" एवढंच त्याचं विचारणं. तिला हो म्हणावंसं वाटत नव्हतं असं नाही. पण ती उंबरमाळीला गेली की काका इथे स्वतःला सोलून घेणार. म्हणून तुरा खाली. दोनदा विचारलं, दोनदा खाली.

एक गोष्ट तीनदाच विचारायची, असा रिवाज. तिसऱ्यांदाही नकार आला तर टेम्पो दुसऱ्याला देईन, टोकावड्याचं तोंड बघणार नाही, असं कोंडू सांगून गेला.

तिसऱ्या सोमवारी बायका जरा जास्तच होत्या. पळस लाल झाला होता. हौसा डोक्यावरून पदर घट्ट ओढून आली.

"ऊन लागतंय काय गो?" जनाने विचारलं. सकाळी दोघी विहिरीवर बरोबर होत्या. जना मघापासून उगाच हसत होती.

"तू गप ऱ्हा."

हौसाने हाताची घडी घातली. आज तर तिने शेंग आणलीच नव्हती. उगाच हात चुकायला नको.

कोंडू पिंजऱ्यापुढे आला. टोपी हातात. "काका, शेवटचं विचारतो हां." त्याने टोपी बगलेत मारली. "हौसा उंबरमाळीला येल का, ते नाय विचारत. मीच हितं ऱ्हायला आलो, तर चालल का?"

हौसा गर्रकन वळली. पदर खांद्यावर आला. "काय म्हणालास?"

तुरा वर.

नुसता वर नाही. पंख फुलवून काका दांडीवर नाचायला लागला. असा ओरडला की शेजारच्या पिंजऱ्यांतले सगळे पोपट त्याला साथ द्यायला लागले.

हौसा कोंडूवर धावली. "शेंग कुठं लपवलीस?"

"कसली शेंग?"

"मुठी उघड!"

कोंडूने मुठी उघडल्या. रिकाम्या. खिसे उलटे केले. विडीचं बंडल आणि टेम्पोची चावी.

"शेंगेचं काय गो हे, हौसा?" सावळीने हळूच विचारलं.

हौसाने आपलेही दोन्ही पंजे सगळ्यांपुढे पसरले. "मी काय केलं नाय. देवाशप्पथ. आज मी कायपण केलं नाय."

"आज?" सावळी म्हणाली.

आता मात्र बायका मोठ्याने हसल्या. काकाला त्याचं काही नव्हतं. तो गजांतून मान लांब करून हौसाच्या अंबाड्याकडे झेपावत होता.

"डॉक्टरीणबाय सांगतात तेच खरं हाय," जना म्हणाली. "नवं दिसलं का तो तुरा काढतो."

"नवं काय हाय हितं? हाच कोंडू नि हीच मी!"

जनाने नुसतं बोट दाखवलं.

हौसाचा हात अंबाड्यावर गेला. सकाळी विहिरीवर, कोंडूने तोंड उघडायच्या कितीतरी आधी, तिने खोवलेलं पळसाचं फूल तिथे होतं.